विद्यापीठाच्या आवारातलं आंदोलन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत शिकणाऱ्यांसाठी आहेत. कलमांचे आकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे (गुन्हे आणि शिक्षा) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (पोलीस आणि न्यायालयाची कार्यपद्धती) आहेत. पोलीस ठाण्यात आणि वर्तमानपत्रांत अजून जुनेच आकडे तोंडात बसलेत, म्हणून गरज तिथे तेही दिलेत. गुन्हा दाखल झाला असेल तर मात्र हे वाचत बसू नका, आधी वकील गाठा.

आवारात निदर्शनं करायचा हक्क आहे की नाही?

आहे. पण तो बोलण्याचा आणि जमण्याचा हक्क आहे, हवी ती जागा अडवण्याचा नाही. संविधानाचा अनुच्छेद १९(१)(क) भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतो, १९(१)(ख) शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचं. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ च्या रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजन सिंग खटल्यात सांगितलं, की सरकारी मालकीच्या जागेतही मालकाने मनाई केली असताना सभा घेण्याचा हक्क सांगता येत नाही. १९७३ च्या हिम्मतलाल शहा खटल्यात त्याच न्यायालयाने दुसरी बाजू मांडली: सार्वजनिक रस्त्यावरच्या सभेचं नियमन करता येतं, पण ती अधिकाऱ्याच्या निव्वळ मर्जीवर सोडता येत नाही. विद्यापीठाचं आवार या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येतं. जागा आणि वेळ ठरवून देण्याचा अधिकार प्रशासनाला आहे. मात्र ‘आमच्याकडे आंदोलनच चालत नाही’ ही भूमिका सार्वजनिक विद्यापीठाला न्यायालयात टिकवणं जड जातं.

दिल्लीच्या जेएनयूमध्ये हा वाद मीटरवर आला. तिथल्या २०२३ च्या नियमावलीत शैक्षणिक इमारतींपासून १०० मीटरच्या आत धरणं किंवा उपोषण केल्यास २०,००० रुपयांपर्यंत दंड ठेवला गेला. तेव्हा आपल्या विद्यापीठाचा असा काही नियम किंवा परिपत्रक आहे का, हे आंदोलनाच्या आदल्या आठवड्यात बघा, नंतर नव्हे.

खासगी किंवा अभिमत विद्यापीठात हेच लागू होतं का?

कागदावर बरंचसं, व्यवहारात कमी. २०२३ च्या कौशल किशोर निकालात घटनापीठाने बहुमताने म्हटलं, की अनुच्छेद १९ आणि २१ चे (२१ म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) हक्क खासगी व्यक्ती आणि संस्थांविरुद्धही मागता येतात. पण खासगी संस्था पहिल्याच दिवशी तुमच्या सहीचं हमीपत्र आणि नियमपुस्तिका पुढे करते.

तरी एक गोष्ट खासगी संस्थेलाही टाळता येत नाही: शिक्षा करण्याआधी म्हणणं ऐकून घेणं. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या मजकुरासाठी महाविद्यालयाने काढून टाकलं आणि पोलिसांनी अटक केली. मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला, काढून टाकण्याचा आदेश स्थगित केला आणि परीक्षेला बसू द्यायला सांगितलं. बाजू मांडायची संधीच दिली गेली नव्हती, हा त्यातला कळीचा मुद्दा होता.

प्रवेशाच्या वेळी ‘आंदोलनात भाग घेणार नाही’ असं लिहून दिलंय. मग संपलंच का?

नाही. मूलभूत हक्क सही करून सोडून देता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये बशेशर नाथ खटल्यात सांगितलं आणि १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथवासीयांच्या ऑल्गा टेलिस खटल्यात पुन्हा सांगितलं. अशी हमीपत्रं मात्र वाढत चालली आहेत. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०२४ मध्ये प्रवेशाच्या वेळी घेतलेल्या हमीपत्रात राजकीय आणि व्यवस्थाविरोधी चर्चा, निदर्शनं, धरणं यांत सहभागी न होण्याची अट होती.

सही केल्याने हक्क जात नाही, पण शिस्तभंगाच्या फायलीतला पहिला कागद तुमच्याच सहीचा असतो. म्हणून सही करण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. ‘संस्थेची बदनामी’, ‘राजकीय’ असे ढगळ शब्द कुठे आहेत ते बघा, कारवाई त्यांच्याच आधारे होते.

परवानगी कुणाची घ्यायची?

फाटकाच्या आत कुलसचिवांची किंवा प्राचार्यांची, फाटकाबाहेर पोलिसांची. दोन्हीकडे जाणार असाल तर दोन्ही. आत बसायची परवानगी हातात असताना मोर्चा फाटकाबाहेर वीस पावलं आला आणि तिथेच गुन्हा नोंदला गेला, असं सर्रास होतं.

पोलिसांना द्यायच्या अर्जात या गोष्टी हव्यात: आंदोलनाचा प्रकार (धरणं, मोर्चा, उपोषण), तारीख, सुरू आणि संपण्याची वेळ, नेमकी जागा, मोर्चा असेल तर मार्ग, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक असेल तर त्याचा उल्लेख, तीन-चार जबाबदार व्यक्तींची नावं आणि फोन, आणि मागण्या. संख्या फुगवून लिहू नका. पाचशे लिहून साठ आले तर हसं होतं. साठ लिहून पाचशे आले तर ‘अटींचा भंग’ होतो.

अर्ज किमान आठवडाभर आधी द्या. स्थानिक पोलीस ठाणं, आयुक्तालय असेल तर विशेष शाखा, आणि माहितीसाठी कुलसचिव, अशा प्रती काढा आणि स्वतःसाठी एक जास्तीची. त्या जास्तीच्या प्रतीवर आवक कक्षातून शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. ‘ठेवून जा, साहेबांना दाखवतो’ असं म्हटलं तर तिथेच थांबून पोच मागा. पोच नसलेला अर्ज दिलेलाच नसतो. अगदीच घेत नसतील तर त्याच दिवशी ईमेल करा आणि स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा.

मुंबईत शहरपातळीवरच्या आंदोलनाला आझाद मैदानच मिळतं. तिथल्या २०२५ च्या नियमांनुसार ठरावीक वेळेतच बसता येतं आणि संख्येलाही मर्यादा आहे, त्यामुळे कलिन्याच्या विद्यापीठ आवारातून मोर्चा काढत मंत्रालयापर्यंत जाऊ, हे डोक्यातून काढून टाका.

अर्जाला उत्तरच आलं नाही तर?

गप्प बसणं म्हणजे परवानगी नव्हे. दोन दिवस आधी स्मरणपत्र द्या, त्यात पहिला आवक क्रमांक लिहा. नकार देत असाल तर कारणांसह लेखी द्या, एवढं एक वाक्य त्यात असू द्या. कारण नसलेला किंवा छापील कारणाचा नकार उच्च न्यायालयात टिकत नाही. बीड जिल्ह्यातल्या माजलगावात नागरिकत्व कायद्याविरोधात बसू इच्छिणाऱ्यांना परवानगी नाकारली गेली, तेव्हा औरंगाबाद खंडपीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये तो नकार आणि त्यामागचा मनाई आदेश दोन्ही रद्द केले. कायद्याला विरोध करतात म्हणून कुणाला देशद्रोही म्हणता येत नाही, असंही बजावलं.

‘जमावबंदी लागू आहे’ असं पोलीस सांगतात. खरं असतं का?

बहुतेकदा असतं. इथे दोन वेगळे आदेश आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

एक, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३, म्हणजे जुनं १४४. हे तातडीच्या प्रसंगासाठी आहे आणि एका आदेशाची मुदत जास्तीत जास्त दोन महिने. जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हे कलम रास्त मतप्रदर्शन दडपायला वापरता येत नाही, आदेश कारणांसह आणि जाहीर हवा, आणि तोच आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे.

दुसरा, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७. आपल्याकडे खरी गाठ याच्याशी पडते. ३७(३) खाली पंधरा दिवसांपर्यंत जमावाला मनाई करता येते. कित्येक जिल्ह्यांत सण, जयंत्या, निवडणुका, ‘विविध पक्ष-संघटनांची आंदोलने’ अशी कारणं देत हा आदेश पंधरवड्यामागून पंधरवडा निघतच असतो. त्यामुळे ‘आदेश आहे का’ हे विचारण्यापेक्षा ‘आदेशाची प्रत द्या’ म्हणा. प्रतीत तीन गोष्टी बघा: मुदत, हद्द आणि अपवाद. परवानगी घेतलेल्या कार्यक्रमांना अनेकदा त्यातच सूट दिलेली असते. ‘पाच किंवा अधिक’ असे शब्द असतील तर चौघांचं शिष्टमंडळ निवेदन द्यायला जाऊ शकतं.

आदल्या रात्री पोलीस नोटीस घेऊन आले. घाबरायचं का?

ही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस, तोंडी भाषेत अजूनही ‘एकशे एकोणपन्नासची’. कायदा-सुव्यवस्था बिघडली तर तुम्हाला जबाबदार धरलं जाईल आणि ही नोटीस पुरावा म्हणून वापरली जाईल, असा मजकूर तिच्यात असतो. हा गुन्हा नाही आणि अटकही नाही. तारीख-वेळ घालून सही करा, प्रत ठेवून घ्या. नोटिशीत ‘परवानगी नाकारली आहे’ असं वाक्य घुसवलेलं असेल तर मात्र नीट वाचा, कारण तोच तुमच्या अर्जावरचा लेखी नकार ठरतो.

कोणत्या घोषणा चालतात?

बोचऱ्या, उद्धट, सरकारविरोधी, कुलगुरूंचा राजीनामा मागणाऱ्या घोषणा चालतात. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी असा भेद केला. कायद्याचा बडगा तिसऱ्यावर उगारता येतो. मार्च २०२५ च्या इम्रान प्रतापगढी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या समंजस माणसाच्या नजरेतून मोजायचा, ज्याला प्रत्येक टीकेत धोका दिसतो त्याच्या नव्हे. ही कसोटी मुळात आपल्या नागपूरची: १९४६ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ती एका खटल्यात घालून दिली. प्रतापगढी निकालाने हेही सांगितलं, की तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या अभिव्यक्तीसंबंधी गुन्ह्यांत थेट एफआयआर न नोंदवता आधी कलम १७३(३) खाली प्राथमिक चौकशी करणं योग्य.

अडचण कुठे येते? धर्म, जात, भाषा यांवरून गटांत तेढ लावणारी घोषणा (कलम १९६), धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणं (२९९), आणि एखाद्या प्राध्यापकाचं नाव घेऊन पुराव्याविना केलेला लाचखोरीचा आरोप (३५६, बदनामी). तिसरा प्रकार सगळ्यात जास्त घडतो आणि सगळ्यात सहज टाळता येतो. ‘अमुक सर चोर है’ याऐवजी ‘शुल्काच्या पावत्या दाखवा’ म्हणा. घोषणा आधी कागदावर लिहून काढा आणि माईक दोघांच्याच हातात ठेवा. तिसरा माणूस उत्साहात काहीतरी बोलतो आणि चित्रफीत नेमकी त्याचीच फिरते.

फलकावर संस्थेचं नाव लिहायचं का?

विचार करून. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या एका संशोधक विद्यार्थ्याला एप्रिल २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी निलंबित केलं गेलं, त्यात दिल्लीतल्या मोर्चाच्या फलकावर संस्थेचं नाव असणं हा एक ठळक आक्षेप होता. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निलंबन कायम ठेवलं: राजकीय मत असायला हरकत नाही, पण संस्थेच्या नावाखाली नको, असा त्याचा रोख होता. पुढे मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निलंबन तोवर भोगलेल्या काळापुरतं मर्यादित केलं. हा धडा महागातला आहे. संघटनेच्या नावात संस्थेचं लघुरूप असेल तर निदान बाहेरच्या कार्यक्रमात ‘अमुक संस्थेतील काही विद्यार्थी’ असं लिहा, आणि संस्थेचं बोधचिन्ह कुठेच वापरू नका.

पथनाट्य, नाटक, चित्रपट दाखवणं?

यात आंदोलनापेक्षा धोका जास्त आहे, कारण इथे जागेवरून नव्हे तर आशयावरून कारवाई होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात परीक्षेचा भाग म्हणून झालेल्या प्रयोगावरून विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. त्याच वर्षी आयआयटी मुंबईने एका नाटकासाठी काही विद्यार्थ्यांना प्रत्येकी १.२ लाख रुपयांपर्यंत दंड केला. संहितेची तारीखवार प्रत विभागात जमा करा, प्रयोगाचं सलग चित्रीकरण स्वतः ठेवा, कारण तक्रार अनेकदा तीस सेकंदांच्या तुकड्यावर उभी असते. कथेचा संदर्भ सुरुवातीलाच निवेदनात सांगा.

ठिय्या कुठवर चालतो आणि घेराव कुठून सुरू होतो?

दरवाजा हा फरक आहे. पायऱ्यांवर बसून एका बाजूने दोन माणसं सहज जा-ये करतील एवढी वाट मोकळी असेल तर तो ठिय्या. वाट बंद केली की कलम १२६, म्हणजे अन्यायाने अडवणूक. कुलसचिव दालनात आणि तुम्ही दाराला पाठ लावून बसलात की १२७, म्हणजे डांबून ठेवणं. त्यात बंदोबस्तावरच्या पोलिसाशी झटापट झाली तर १३२ लागतं, आणि ते अजामीनपात्र आहे.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा २०१५ चा संप १३९ दिवस चालला. त्यात पोलीस मध्यरात्री आवारात येऊन पाच विद्यार्थ्यांना घेऊन गेले, ते ऑगस्टमध्ये संचालकांना दालनात घेराव घातल्यानंतर. आमचं ठाम मत आहे, की घेरावातून मिळतं त्यापेक्षा हातचं जास्त जातं: बातमी मागणीवरून उडून ‘अधिकाऱ्याला कोंडलं’ यावर जाते.

भिंतीवर पत्रकं चिकटवणं क्षुल्लक वाटतं, पण १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. सुतळीवर टांगलेला फलक हातात धरा, खळ लावू नका.

ध्वनिक्षेपक?

वेगळी लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर पूर्ण बंदी. आवार शांतता क्षेत्र म्हणून घोषित असेल तर दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे, म्हणजे साध्या बोलण्यापेक्षाही कमी. हलगी किंवा डफ घेतलात तरी परीक्षेचं वेळापत्रक बघून घ्या. चालू पेपरशेजारी वाजवून सहानुभूती घालवलेली आंदोलनं कमी नाहीत.

उपोषण करायचं ठरलंय. काय काळजी घ्यावी?

आधी साखळी उपोषणाचा विचार करा: रोज चार-पाच जण, चोवीस तास, मग पुढची तुकडी. आठवडे चालू शकतं आणि कुणाच्या जिवावर येत नाही.

आमरणच करायचं असेल तर मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, गर्भारपण, कमी वजन, आधीपासून चालू गोळ्या यांपैकी काही असलेल्यांनी बसू नये. पहिल्याच दिवशी वजन, रक्तदाब, रक्तातली साखर नोंदवून तक्ता लावा. पुढे दिवसातून दोनदा. महापालिकेच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या पथकासाठी पत्र आधीच द्या. पाणी आणि चिमूटभर मीठ बंद करू नका. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, सतत उलटी, बोलण्यात गोंधळ, छातीत धडधड यांतलं काहीही दिसलं की उपोषण तिथेच थांबवून रुग्णालयात न्या.

सोडतानाचा धोका बहुतेकांना माहीतच नसतो. पाच दिवसांहून जास्त पोट रिकामं असताना एकदम भरपेट किंवा गोड खाल्लं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. कॅमेऱ्यापुढे रसाचा घोट ठीक, पण पुढचं खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडं थोडं, काही दिवसांत वाढवत.

कायद्याचंही बघा: लोकसेवकाला त्याचं कर्तव्य करायला किंवा टाळायला भाग पाडण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न, हे कलम २२६ खाली एक वर्षापर्यंतच्या साध्या कैदेला पात्र आहे. म्हणून निवेदनात ‘आत्मदहन करू’, ‘जीव देऊ’ असली वाक्यं लिहूच नका.

पोलिसांनी व्हॅनमध्ये बसवलं. आता?

बहुतेक वेळा हे पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ आणि ६९ प्रमाणे ताब्यात घेणं असतं: ठाण्यात नेतात, नावं-पत्ते लिहितात, संध्याकाळी सोडतात. तरी विचारा, ‘ताब्यात की अटक?’ नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७० खाली प्रतिबंधात्मक अटक असेल तर ती, दुसरा काही आदेश नसेल तर, चोवीस तासांपलीकडे चालत नाही. अटक असेल तर कारण सांगणं, घरच्यांना कळवणं, वकिलाला भेटू देणं आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करणं बंधनकारक आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद असेल तर दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी आणि महिला अधिकारी हवी. सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा ३५(३) ची, म्हणजे जुनी ४१अ ची हजर राहण्याची नोटीस मिळते. त्या तारखेला हजर राहा, नाहीतर अटकेला कारण तुम्हीच दिलेलं असतं.

फोन बोटाच्या ठशाने उघडत असेल तर ती सोय आदल्या दिवशी बंद करा. वकिलाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा.

नुसत्या मनाई आदेशाच्या भंगाचं कलम आता २२३ आहे (जुनं १८८). सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड. संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीशिवाय न्यायालय याची दखल घेऊ शकत नाही, आणि कित्येक खटले इथेच अडखळतात. वकिलाला हा मुद्दा आवर्जून विचारा.

विद्यापीठाची कारणे दाखवा नोटीस आली आहे.

रागाच्या भरात लगेच उत्तर लिहू नका आणि मुदतही चुकवू नका. मुदत अपुरी असेल तर तिच्या आत वाढ मागणारा अर्ज द्या. सोबत मागा: कोणत्या नियमाचा भंग झाला तो क्रमांक, मूळ तक्रार, चित्रीकरण, साक्षीदारांची नावं. उत्तर मुद्द्याला मुद्दा द्या. ‘मी तिथे होतो, वाट अडवली नाही’ हे ‘सगळे आरोप खोटे’ यापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. प्रत्यक्ष सुनावणीची मागणी लेखी करा आणि सुनावणीला एकट्याने जाऊ नका. सामूहिक माफीनाम्यावर सही करायला सांगितलं तर मसुदा घरी नेऊन वाचा, कारण त्यात कबुली दडलेली असते.

निर्णय विरोधात गेला तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांखाली विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल अशी वाट आहे. समितीला १५ कामाचे दिवस, त्यानंतर १५ दिवसांत लोकपालांकडे अपील. परीक्षा तोंडावर असेल तर या वाटेत वर्ष जाईल. मग सरळ उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका आणि अंतरिम दिलासा.

मागण्या कशा लिहायच्या?

एका पानात, तीन-चार, आणि समोरच्या अधिकाऱ्याला एका सहीने मान्य करता येतील अशा. ‘विद्यार्थ्यांवरील अन्याय थांबवा’ यावर कुलगुरू हसून ‘नक्कीच’ म्हणतात. ‘तिसऱ्या सत्राचे पुनर्मूल्यांकनाचे निकाल अमुक तारखेपर्यंत लावा, उशीर झाल्यास पुनर्मूल्यांकन शुल्क परत करा’ यावर हो किंवा नाही म्हणावंच लागतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यात शास्त्री रस्त्यावर स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी बसले, तेव्हा एमपीएससी आणि आयबीपीएसच्या (बँक भरतीच्या) परीक्षा २५ ऑगस्टला एकाच दिवशी येत होत्या. मुख्य मागणी एका ओळीची होती, आणि आयोगाने परीक्षा पुढे ढकलली.

आश्वासन तोंडी घेऊन उठू नका. बैठकीचं इतिवृत्त, त्यावर कुलसचिवांची सही, जावक क्रमांक आणि अंमलबजावणीची तारीख मागा. निवडून आलेली विद्यार्थी परिषद असती तर हे काम तिचं होतं. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका आणल्या खऱ्या, पण त्या कागदावरच रखडल्या.

गुन्हा नोंदला गेला तर सरकारी नोकरी आणि पासपोर्ट गेला का?

नोकरीत गुन्ह्यापेक्षा लपवणं नडतं. साक्षांकन नमुन्यात (नेमणुकीआधी स्वतःची माहिती भरून द्यायच्या अर्जात) विचारलं असेल तर खरं लिहा. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने तरुण वयात घोषणा देण्यासारख्या किरकोळ प्रकरणाचं उदाहरणच दिलंय, जे नियोक्ता नजरेआड करू शकतो. पासपोर्टसाठी नुसता एफआयआर पुरेसा अडसर नाही. न्यायालयाने दखल घेतली की प्रकरण प्रलंबित धरलं जातं आणि मग त्या न्यायालयाची परवानगी आणावी लागते.

राज्य सरकार राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय वेळोवेळी काढतं. जीवितहानी नको आणि मालमत्तेचं नुकसान ५ लाख रुपयांपेक्षा जास्त नको, या नेहमीच्या अटी. खटला आपोआप मागे जात नाही: समितीच्या शिफारशीनंतर सरकारी वकिलाला न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने तो मंजूर करावा लागतो. तोवर प्रत्येक तारखेला हजर राहा, कारण गैरहजेरीबद्दल वॉरंट निघालं तर ते वेगळंच लफडं होऊन बसतं.